मोर्चावर लाठी पडल्यानंतर संघटनेने काय करावे? ग्रामीण विदर्भातील कामगारांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी सेविका व मदतनीस, आशा, शेतमजूर, बिडी कामगार आणि कोळसा खाणीतील कंत्राटी मजूर यांच्या तालुका पातळीवरच्या बैठकांत मी अनेक वर्षे संघटनेच्या लिखापढीचे काम करते. तेथे पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाल्यामुळे जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसलेली कलमे बदलली आहेत. म्हणून आवश्यक तेथे जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक दिले आहेत.

मोर्चा काढणे हा आमचा हक्क आहे, की पोलिसांनी परवानगी दिली तरच तो काढता येतो?

तो हक्क आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने भाषणाचे, शांततेने व विनाशस्त्र एकत्र येण्याचे आणि संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, एवढीच शासनाला मुभा आहे. मोर्चाचा मार्ग, वेळ, ध्वनिक्षेपक आणि वाहतूक यांविषयी पोलीस अटी घालू शकतात. परंतु सार्वजनिक जागेवरील सभेला मनमानीपणे नकार देता येत नाही, हे हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केले आहे.

व्यवहारात मात्र एक पथ्य पाळावे. ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. ठाणेदार साहेब "ठेवून जा, बघतो" म्हणतात आणि आपण विश्वासाने निघून येतो; पुढे गुन्हा दाखल होतो तेव्हा त्यात पहिले वाक्य "विनापरवाना" हेच असते. पोच मिळत नसेल तर तोच अर्ज टपालाने नोंदणी करून पाठवावा व पावती जपून ठेवावी.

जिल्ह्यात जमावबंदी लागू असेल तर काय करावे?

ग्रामीण भागात जमावबंदी बहुधा दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ चा आहे. सणासुदीच्या व निवडणुकीच्या काळात जिल्हादंडाधिकारी तो वापरतात आणि त्याचा भंग केल्यास कलम १३५ लागते. दुसरा मार्ग म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, म्हणजे जुने १४४. या कलमाखालचा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही; राज्य शासनाने खास अधिसूचना काढली तरच त्यापुढे सहा महिन्यांपर्यंत त्याची मुदत वाढते.

या विषयातला एक महत्त्वाचा निकाल आपल्याच मातीतला आहे. १९५६ मध्ये नागपूरच्या कापडगिरणी कामगारांच्या वादात १४४ लागू झाले. ते प्रकरण बाबूलाल पराते विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६१ मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. कामगारांच्या बाजूने तो निकाल लागला नाही, हे खरे आहे. तरीही असा आदेश तातडीच्या परिस्थितीपुरता असतो, त्याची कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्याला आव्हान देता येते, हे त्यातून आपल्या हाती उरले. पुढे जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात न्यायालयाने अधिक स्पष्ट सांगितले की, केवळ वेगळे मत दडपण्यासाठी हे कलम वापरता येत नाही आणि असे आदेश जाहीर केले पाहिजेत.

म्हणून "जमावबंदी आहे" असे तोंडी सांगितले गेल्यास आदेशाची प्रत मागावी. त्याचा क्रमांक, दिनांक, मुदत आणि सही पाहावी. मुदत संपलेला आदेश दाखवून मोर्चा परत पाठवल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

पोलीस लाठीचा वापर केव्हा करू शकतात?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार (जुने १२९) बेकायदा जमावाला, किंवा शांतताभंगाची शक्यता असलेल्या पाच वा अधिक व्यक्तींच्या जमावाला, कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा त्यांच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाचे अधिकारी पांगण्याचा हुकूम देऊ शकतात. हुकूम देऊनही जमाव पांगला नाही, किंवा पांगणार नाही असे त्याच्या वागण्यावरून दिसले, तरच बळाचा वापर करता येतो. हुकूम लोकांना ऐकू गेला पाहिजे, पांगायला वेळ आणि वाट मिळाली पाहिजे, बळ गरजेपुरते असले पाहिजे आणि जमाव पांगताच ते थांबले पाहिजे. पळणाऱ्या बाईच्या पाठीवर मारलेली लाठी किंवा बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर मारलेली लाठी या चौकटीत कोठेही बसत नाही.

अनिता ठाकूर खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवले. आंदोलकांपैकी काहींनी आगळीक केली हे मान्य करूनही, परिस्थिती आटोक्यात आल्यानंतर चाललेली मारहाण न्यायालयाने अवाजवी ठरवली आणि जखमींना नुकसानभरपाई दिली. लाठीमाराच्या घटनेचे टिपण लिहिताना आपण "अमानुष लाठीमार" असे मोठे शब्द वापरतो. त्याऐवजी हुकूम कोणी दिला, किती वाजता दिला, ध्वनिक्षेपक होता का, पांगण्यासाठी कोणता रस्ता मोकळा होता आणि पहिली लाठी किती मिनिटांनी पडली, हे लिहिले तर ते टिपण न्यायालयात टिकते.

"फक्त ताब्यात घेतले आहे, अटक नाही" असे सांगतात. या दोहोंत फरक काय?

चक्का जाम किंवा जेलभरोच्या वेळी गाडीत बसवून ठाण्याच्या आवारात किंवा मंगल कार्यालयात नेतात, नावे लिहून घेतात आणि संध्याकाळी सोडतात. याला आपल्याकडे स्थानबद्ध करणे म्हणतात. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७० (जुने १५१) वापरले जाते. त्याखाली चोवीस तासांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. त्यापुढे ठेवायचे असेल तर वेगळा कायदेशीर आधार दाखवावा लागतो.

अटक झाली तर राज्यघटनेचा अनुच्छेद २२ लागू होतो. अटकेची कारणे सांगणे, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे, वकिलाला भेटू देणे, वैद्यकीय तपासणी करणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिलेली अटकेची बंधने आजही प्रत्येक ठाण्याला लागू आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आधी हजर राहण्याची नोटीस देणे हा सामान्य मार्ग असून अटक करायची तर तिची कारणे नोंदवावी लागतात.

आपल्या मोर्चांत वयस्कर माणसे फार असतात, म्हणून एक तरतूद विशेष लक्षात ठेवावी. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि व्यक्ती अशक्त किंवा साठ वर्षांवरील असेल, तर उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(७) मध्ये आहे आणि ठाण्यात ती शांतपणे दाखवल्यावर बोलण्याचा सूर बदलल्याचा अनुभव आहे.

महिला आंदोलकांसाठी वेगळे नियम आहेत का?

आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. महिलेची झडती महिलेनेच घ्यायची असते. साक्षीसाठी महिलेला ठाण्यात बोलावता येत नाही, तिचा जबाब तिच्या राहत्या ठिकाणी घ्यावा लागतो. साडी ओढली गेली, मंगळसूत्र तुटले, पुरुष शिपायाने दंडाला धरून गाडीत टाकले, या गोष्टी संकोचामुळे तक्रारीत येत नाहीत. संघटनेच्या महिला पदाधिकाऱ्याने त्या त्याच दिवशी, वेगळे बसून, त्या बाईच्या शब्दांत लिहून घ्याव्यात.

मारहाण झाल्यानंतर पहिल्या काही तासांत संघटनेने काय करावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण पुढचे सगळे काही या तासांवर उभे राहते. निषेध सभा दुसऱ्या दिवशीही घेता येते. जखमेची नोंद मात्र त्याच दिवशी व्हावी लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एका मदतनीस ताईंच्या मनगटावर लाठी बसली. शेवटची एसटी चुकू नये म्हणून त्या तशाच गावी गेल्या, रात्री हळद लावली, सकाळी घरचे आवरले आणि तिसऱ्या दिवशी हात सुजला तेव्हा खासगी दवाखान्यात गेल्या. तेथील कागदावर "पडल्यामुळे दुखापत" असे लिहिले गेले. ते तसे कोणी लिहिले, का लिहिले, हे विचारण्यात अर्थ उरला नव्हता. हाड मोडले होते, साक्षीदार वीस होते, पण मोडलेल्या हाडाला लाठीशी जोडणारा एकही कागद नव्हता. ती चूक त्या ताईंची नव्हती. आम्ही कार्यकर्ते तेव्हा तहसीलसमोर घोषणा देत होतो आणि जखमींना घेऊन दवाखान्यात कोणी जायचे हे ठरलेलेच नव्हते.

तेव्हापासून आम्ही मोर्चाआधीच कामे वाटून देतो. दोघे जण जखमींसोबत ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जातात आणि पोलीस प्रकरण म्हणून, म्हणजे ज्याला एमएलसी म्हणतात तशी, नोंद करण्याचा आग्रह धरतात. जखम कशी झाली हे रुग्णाने स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगायचे असते. एक जण ठाण्याबाहेर थांबतो आणि आत नेलेल्या प्रत्येकाचे नाव, वय, गाव व घरचा संपर्क वहीत लिहितो; शेवटचा माणूस बाहेर आल्याशिवाय तो जागा सोडत नाही. एक जण वकिलांना कळवतो. एक जण गावोगावी घरच्यांना खबर देतो, कारण खबर न गेल्यास रात्री जी अफवा पोहोचते ती मोर्चापेक्षा जास्त नुकसान करते. परतीच्या प्रवासाची सोय, विशेषतः एटापल्ली, धारणी किंवा झरी जामणीसारख्या दूरच्या तालुक्यांतून आलेल्यांची, आधीच करून ठेवावी. जखमी माणूस बसच्या वेळेपायी दवाखाना टाळतो, हे आमचे निरीक्षण आहे.

कारवाईचे मोबाइलवर चित्रीकरण करता येते का?

सार्वजनिक रस्त्यावर चाललेल्या कारवाईचे चित्रीकरण करण्यास सरसकट बंदी नाही. ठाण्याच्या आतील चित्रीकरणाबाबत वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये निकाल दिला. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमाखालील निषिद्ध ठिकाण नाही, त्यामुळे तेथील चित्रीकरणासाठी त्या कायद्याखाली गुन्हा लावता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. तरीही अधिकाऱ्याच्या तोंडाजवळ मोबाइल नेऊन वाद वाढवू नये, कारण मग कामात अडथळा आणल्याचा आरोप येतो.

व्हॉट्सॲपवर फिरलेली चित्रफीत लोकांना जागे करते, पण पुरावा म्हणून तिची किंमत कमी असते. ज्या मोबाइलवर चित्रीकरण झाले तो फोन, मूळ फाइल न पुसता, सांभाळून ठेवावा. न्यायालयात ती सादर करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. ठाण्यातील सीसीटीव्हीबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात आदेश दिलेले आहेत; ठाण्यात मारहाण झाली असल्यास ते चित्रण जतन करण्याची लेखी मागणी त्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांकडे करावी.

पोलिसांविरुद्धची तक्रार पोलीसच कशी घेतील?

हा प्रश्न विचारताना लोक हसतात, पण त्या हसण्यात हार मानलेली असते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने २०१३ मध्ये ठरवले आहे. ठाण्यात नोंद झाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तेथेही दखल घेतली नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ खाली (जुने १५६) अर्ज करावा. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल तक्रार असल्यास दंडाधिकारी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवून, त्या लोकसेवकाचे म्हणणेही विचारात घेतात. खटल्यासाठी शासनाची मंजुरी आवश्यक ठरली तर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असे मानण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम २१८ मध्ये आली आहे. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती आणि प्रकरणे मंत्रालयातच झोपून राहत.

याशिवाय महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. प्रकाश सिंग खटल्यातील २००६ च्या निकालानंतर आलेले राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण गंभीर गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकते. दोन्ही कार्यालये मुंबईत आहेत. गडचिरोलीच्या शेतमजुराने एकट्याने तेथे जावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. संघटनेचा उपयोग नेमका येथे होतो: अर्ज संघटना लिहिते, टपाल संघटना करते, तारखेला संघटनेचा माणूस जातो. वैयक्तिक तक्रारी मात्र प्रत्येकाच्या स्वतंत्र, स्वतःच्या सहीच्या किंवा अंगठ्याच्या असाव्यात. दोनशे सह्यांचे एकच निवेदन तहसीलदारांच्या टेबलावर शोभून दिसते, पण त्यातून चौकशी सुरू होत नाही.

मार आम्ही खाल्ला आणि गुन्हाही आमच्यावरच दाखल झाला. आता काय?

असे बहुतेक वेळा होते. बेकायदा जमाव (न्याय संहिता कलम १८९), आदेशाचा भंग (कलम २२३, जुने १८८) आणि सरकारी कामात अडथळा (कलम २२१, जुने १८६) ही नेहमीची कलमे आहेत. त्यांत धाक घालावा असे फारसे काही नाही. कलम २२३ साठी तर संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय दखलच घेत नाही. खरी काळजी कलम १३२ ची, म्हणजे सगळे ज्याला अजूनही "तीनशे त्रेपन्न" म्हणतात त्याची आहे. लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर केल्याचा तो आरोप अजामीनपात्र असून धक्काबुक्कीच्या कोणत्याही प्रसंगात तो सहज जोडला जातो. अशा वेळी अटकेची वाट न पाहता वकिलांमार्फत अटकपूर्व जामिनाचा विचार करावा.

शिक्षा क्वचित होते, परंतु खटला हीच शिक्षा ठरते. कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याच्या न्यायालयात तारीख लागते. चाळीस किलोमीटरवरच्या गावातून येणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, तिकिटाचे पैसे जातात, आणि साहेब रजेवर असल्याने पुढची तारीख मिळते. दोन तारखा चुकल्या की वॉरंट निघते, आणि वॉरंट घेऊन शिपाई गावात आला की चार वर्षांपूर्वीच्या मोर्चाचा विषय सगळ्या गावापुढे पुन्हा उघडा होतो. मुलाच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी निघाली की घरातले विचारतात, काय मिळवले तुझ्या युनियनने? मला वाटते, संघटनांनी आजवर या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले आहे. लाठीमाराच्या दिवशी जिल्ह्यातून पाचशे लोक येतात, खटल्याच्या सातव्या तारखेला आरोपीसोबत कोणीही नसते.

त्यावर उपाय साधे आहेत. तारखांची एकच वही तालुका कार्यालयात असावी. प्रत्येक तारखेला एक पदाधिकारी न्यायालयात हजर असावा. आजारपण किंवा पेरणी यांमुळे कोणी येऊ शकत नसेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज वकिलांकडून आधीच दिला जावा. लढा निधीतून तारखेचे तिकीट आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग द्यावा. वर्गणीची पावती फाडताना हा खर्च सभासदांना स्पष्ट सांगितला तर ते आनंदाने देतात.

आंदोलनातील गुन्हे मागे घेतले जातात, हे खरे आहे का?

काही प्रमाणात खरे आहे. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्यासाठी राज्य शासन वेळोवेळी निर्णय काढते. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, अशा अटी त्यांत असतात. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी अभियोक्ता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली (जुने ३२१) करतात आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. म्हणजे मंत्र्यांनी सभेत घोषणा केली म्हणून गुन्हा संपत नाही. गुन्हा क्रमांक, ठाणे, न्यायालय, दोषारोपपत्राचा दिनांक आणि सर्व आरोपींची नावे अशी यादी तयार ठेवलेल्या संघटनेचे काम पुढे सरकते. ज्यांच्याकडे यादी नसते त्यांची प्रकरणे घोषणेनंतरही वर्षानुवर्षे चालू राहतात.

निषेधाचे कोणते मार्ग प्रभावी ठरतात? संप करावा का?

लाठीमाराच्या निषेधार्थ तातडीने संप पुकारावा, अशी मागणी तरुण कार्यकर्ते करतात. राग समजण्यासारखा आहे. परंतु २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपासाठी चौदा दिवसांची पूर्वसूचना आवश्यक आहे आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली सामूहिक रजाही संप मानली जाते. घाईने केलेल्या संपाने मूळ विषय बाजूला पडतो आणि चर्चा आपल्या बेकायदेशीरपणाची सुरू होते. म्हणून पहिल्या आठवड्यात काळ्या फिती लावून काम, गेट मीटिंग, पोलीस अधीक्षकांकडे शिष्टमंडळ, आणि आमदारांमार्फत विधिमंडळात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना, हे मार्ग अधिक उपयोगी पडतात. सत्यशोधन समिती नेमायची तर तिच्यात निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वकील असे संघटनेबाहेरचे लोक असावेत.

एकजुटीने मागे घ्यायला लावलेल्या निर्णयांची उदाहरणे आहेत. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतील संपाला बंदी घालणारा कायदा, लावण्यात आला, तेव्हा सभागृहाच्या आत आणि बाहेर झालेल्या विरोधामुळे सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून याच महिलांनी पन्नासहून अधिक दिवस संप चालवला. कृती समितीत वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एकत्र होत्या, म्हणून कारवाईच्या नोटिसा येऊनही तो टिकला.

दुसऱ्या संघटनेच्या मोर्चावर लाठी पडली तर आपण का बोलावे?

कारण लाठी झेंड्याचा रंग पाहून थांबत नाही. २५ जुलै २००५ रोजी हरियाणात गुडगाव येथे होंडाच्या मोटारसायकल कारखान्यातील कामगारांना पोलिसांनी केलेली मारहाण देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांशी जोडलेल्या कामगार संघटना एकाच मागणीवर आल्या आणि संसदेतही तो विषय गाजला. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर हरियाणात पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर सोडला गेला. २६ नोव्हेंबरला केंद्रीय कामगार संघटनांचा देशव्यापी संप होता. त्याच दिवसांपासून कामगार आणि शेतकरी यांच्या संघटनांचे एकमेकांना पाठिंबा देणे वाढत गेले, आणि १६ फेब्रुवारी २०२४ चा ग्रामीण भारत बंद दोघांनी मिळून पुकारला.

विदर्भाला तर हे शिकवण्याची गरजच पडू नये. १६ ऑगस्ट १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यातील उठावानंतर चिमूरमध्ये महिलांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या जयकृष्ण भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केले. ते चिमूरचे नव्हते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. मृतांत बहुसंख्य महिला आणि मुले होती. तो मोर्चा कामगारांचा नव्हता, पण गुरे राखून पोट भरणाऱ्या त्या माणसांपेक्षा वेगळा कामगार कोण असतो, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. झिरो माइलजवळच्या त्यांच्या स्मारकावर आमच्या महिला दर हिवाळी अधिवेशनात फूल वाहतात.

अधिवेशनासाठी नागपूरला जाताना कोणती काळजी घ्यावी?

दर डिसेंबरला यशवंत स्टेडियम आणि पटवर्धन मैदान येथून मोर्चे निघतात. ते टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट अशा ठरलेल्या जागी कठड्यांपाशी अडवले जातात. पुढच्या रांगेला मागची रांग ढकलते तेथे सर्वाधिक इजा होते, म्हणून कठड्यांपासून काही हात अंतरावर आपल्याच स्वयंसेवकांनी दोर धरून उभे राहावे. लहान मुले आणि गरोदर महिला पुढे नसाव्यात. शिष्टमंडळ आत गेल्यावर बाहेरच्या लोकांना बसवून ठेवावे आणि काय चालले आहे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहावे.

महामार्ग रोखणे योग्य आहे का?

यावर संघटनांत मतभेद आहेत. शाहीनबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवता येणार नाही असे म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चाने नागपूरजवळ महामार्ग रोखला, तेव्हा नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. माझे मत असे की, ठरलेल्या वेळेचा, रुग्णवाहिकेला वाट देणारा रास्ता रोको समजू शकतो. बेमुदत अडवणुकीत मात्र लोकांची सहानुभूती आणि न्यायालयाची बाजू दोन्ही हातून जातात.

आपल्यापैकी कोणी दगड उचलला तर?

संघटनेने त्याला तेथेच थांबवावे आणि नंतर त्याचा बचाव करताना खोटे बोलू नये. त्याच वेळी एका दगडामुळे दोनशे जणांना झालेली मारहाण कायदेशीर होत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगावे.

लाठी चालवणारा शिपाई आमच्याच गावचा असतो. त्याच्याशी कसे वागावे?

तो शेतकऱ्याचाच मुलगा आहे. त्याची बहीण आशा असेल, आई रोजंदारीवर जात असेल. बंदोबस्तावर तोही उपाशी उभा असतो आणि त्याच्या कामाच्या तासांना मर्यादा नसते. त्याला कामगार संघटना स्थापन करण्याचा आपल्यासारखा अधिकारही नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या या हक्कावर निर्बंध आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी आपल्या संघटनेसाठी उठाव केला आणि तो मोडून काढण्यात आला, हे आज त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. म्हणून घोषणा शिपायाच्या आईबहिणीवर जाता कामा नयेत. तक्रार मात्र करावी, आणि ती हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यापासून सुरू करावी. ज्याने प्रत्यक्ष मारले त्याचा नामपट्ट्यावरील नाव व बिल्ला क्रमांक दिसला असल्यास तो लिहावा. गावात तो भेटला तर रामराम घालावा आणि तक्रार मागे घेऊ नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

पोलीस पाटील घरी येऊन नवऱ्याला किंवा सासऱ्याला समज देतात. हे रोखता येते का?

मोर्चाच्या आदल्या रात्री हा प्रकार हमखास होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ (जुने १४९) खालची नोटीस ज्या व्यक्तीला द्यायची तिलाच, लेखी द्यावी असा आग्रह धरावा. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. शक्य असल्यास मोर्चापूर्वी गावात घरच्या माणसांचीही एक बैठक घ्यावी. आमच्याकडे जिथे अशा बैठका झाल्या, तेथील सेविका दुसऱ्या मोर्चालाही आल्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. आधार कार्डाची प्रत, गुन्हा क्रमांक आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी सोबत न्यावी. जातीचा दाखला असल्यास तोही न्यावा, मात्र महिलांना तो नसला तरी अडवता येत नाही.